रात्री कुणी उडालं का?

"बुधा, रातच्याला मी उडाले."

चांगुणाक्का गोठ्यात शेणाची पाटी भरत होती आणि मी दाराशी बसून राखुंडीनं दात घासत होतो. नुकतं फटफटत होतं. आत खेवजीदाजी खोकत होते. आक्कानं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की म्हशीनं आज दूध कमी दिलं असंच सांगतेय की काय असं वाटावं.

"सपनात?" मी विचारलं.

"मग काय खरोखरीची? लई उंच न्हाई. आपल्या हिरडेवाडीच्या घरावरनं चालले हुते. खाली आई नागली पाखडत बसलेली. तिनं वर बघून हात केला. लई हलकं वाटलं बघ."

आणि ती हसली. तिचा डावा गाल सुजला होता, डोळा अर्धा मिटला होता, त्यामुळे हसू एकाच बाजूला आलं. पण हसली खरी. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्या सात वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"दाजींना सांगितलंस?"

"त्येंला न्हाई. तुला सांगितलं. आता काय करायचं त्ये तू बघ."

एवढं बोलून तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि ती उकिरड्याकडे निघून गेली. मी तोंडात राखुंडी तशीच धरून बसून राहिलो. एवढ्याशा बोलण्यात काय होतं हे कळायचं तर नाळेवाडीची रीत सांगायला हवी.

नाळेवाडी म्हणजे घाटमाथ्यावरची वीस-बावीस घरं. गावाच्या पश्चिमेला गिधाडकडा, तिथून खाली सगळं कोकण दिसतं. कड्याच्या पोटाला, पाऊस लागणार नाही अशा जागी, आग्या माशा दरसाल मोहोळं लावतात. एकेक सुपाएवढं. ती चैत्रात काढायची. एक माणूस कमरेला दोर बांधून कड्याखाली उतरतो, हिरव्या पाल्याचा धूर देतो आणि बांबूला बांधलेल्या विळ्यानं पोळं कापून डब्यात पाडतो. वर अंजनीच्या बुंध्याला दोराचे वेढे दिलेले असतात आणि तिथं त्याचा मेहुणा बसतो. मेहुणाच, सख्खा भाऊ नव्हे. भावाभावांत बांधावरून वैर असू शकतं, पण आपल्या हातानं बहिणीचं कुंकू पुसायला कुणी धजणार नाही, असा जुन्या लोकांचा विचार. खेवजीदाजींचा दोर धरायला म्हणून मी दर चैत्रात हिरडेवाडीहून सात कोस चालत येत असे.

या कामाचे नियम फार नव्हते, पण होते ते कडक होते. दोराला बाईचा हात लागू द्यायचा नाही. लागला तर तो दोर टाकायचा आणि नवा वळायचा. घायपाताचा वाख काढून साठ हात दोर वळायला महिना सहज जाई आणि तोवर मधाचे दिवस सरत. म्हणून घरातल्या बायका माळ्यावरच्या त्या पोत्याच्या आसपाससुद्धा फिरकत नसत. दुसरा नियम स्वप्नाचा. दोर कमरेला बांधण्याआधी गावातले जाणते देवजीबाबा एकेकाला विचारत, "रातच्याला कुनी उडालं का?" स्वप्नात उडण्याचे त्यांच्याकडे बरेच अर्थ होते. लहान पोर उडालं तर ते वाढीला लागलं. पोटुशी बाई उडाली तर मुलगी होणार. म्हातारं माणूस उडालं तर त्यानं लेकीबाळींना भेटून घ्यावं. पण दोरावाला उडाला, किंवा त्याची बायको उडाली, तर अर्थ एकच. त्याच्या पायांनी भुई सोडली. मग त्या दिवशी आणि पुढचे पाच दिवस दोर सुटत नसे.

बायका कड्यावर येत नसत, म्हणून बायकोचं स्वप्न तिचा भाऊ वर घेऊन जाई. स्वप्न ऐकूनही उतरलेला माणूस माझ्या माहितीत एकही नव्हता. आणि वर जे बोलणं झालं ते खाली गावात आणायचं नाही अशीही रीत होती, नाहीतर भित्र्याला गावानं जगू दिलं नसतं. बरकू नावाचा एक गडी एका साली ओळीनं तीन खेपांना उडाला. चौथ्या खेपेला देवजीबाबा त्याला म्हणाले, "बरकू, सासुरवाडीला जाऊन ये एकदा. तुला काय, पायी चालायची गरज न्हाई." आम्ही पोट धरधरून हसलो, पण गावात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. अकरावी पास झालो होतो, मास्तरकीचा अर्ज करून हुकमाची वाट पाहत होतो. स्वप्नांचे अर्थ लावणाऱ्यांना मी मनातल्या मनात अडाणी म्हणत असे. तोंडावर म्हणायची छाती नव्हती.

आदल्या दिवशी दिवेलागणीला मी नाळेवाडीत पोचलो तेव्हाच आक्काचा गाल पाहिला होता. मी विचारलं तर म्हणाली, म्हशीनं शिंग मारलं. म्हशीच्या शिंगाला पाच बोटं नसतात हे मलाही कळत होतं. दाजी अंगणात कोयत्याला धार लावत होते, त्यांनी मान वर केली नाही.

खेवजीदाजी वाईट होते असं मी म्हणणार नाही. तसं म्हणता आलं असतं तर माझं पुष्कळ सोपं झालं असतं. माणूस कामाचा होता, दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. मला तर पहिल्यापासून त्यांचा लळा होता. झाडावर कसं चढायचं, विळा कसा लावायचा, माशी अंगावर बसली तर श्वास कसा धरायचा हे सगळं मला त्यांनी शिकवलेलं. पण राग नाकाच्या शेंड्यावर, आणि राग आला की हात आधी उठायचा, डोकं मागून चालायचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आक्का रडत माहेरी आली. वडिलांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतः पोचवून आले. पुढच्या वर्षी पुन्हा आली, तेव्हा दोन दिवससुद्धा ठेवलं नाही. दिल्या घरी नांदावं, म्हणाले. त्यानंतर ती आली नाही. मी दर चैत्रात जायचो, तिच्या अंगावरचे वळ बघायचो आणि दोर धरून परत यायचो. त्याची मला लाज वाटे, दाजींचा राग येई आणि वडिलांचा त्याहून जास्त येई. पण मी काय करू शकणार होतो? घरात माझा शब्द चालत नव्हता आणि नाळेवाडीत तर मी पाहुणाच होतो.

त्या पहाटे गोठ्याच्या दारात बसून मी त्या स्वप्नाचा अर्थ लावला. देवजीबाबांचा नाही, माझा स्वतःचा. माहेरचं घर, वर बघून हात करणारी आई, हलकं वाटणं आणि ते हसू. नवऱ्याचा जीव वाचवायचा असता तर तिनं ते नवऱ्यालाच सांगितलं असतं. निदान घाबरून सांगितलं असतं. ही हसून सांगत होती. आणि वर म्हणाली, काय करायचं ते तू बघ. मला वाटलं, आक्कानं सात वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. तिला सुटायचं होतं. तोंडानं असं बोलणं कुठल्या बाईला शक्य आहे? म्हणून तिनं ते स्वप्नात घालून सांगितलं, असं मी धरून चाललो.

आम्ही पाच जण निघालो. देवजीबाबा पुढे, बरकू आणि देवजीबाबांचा पुतण्या पाल्याच्या पेंढ्या घेऊन, आणि मागे दाजी आणि मी. दोराचं पोतं दाजींच्या खांद्यावर होतं. मी ते मागितलं तर त्यांनी दिलं नाही. करवंदीच्या जाळीपाशी चढ लागतो तिथं ते थांबले, बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"काल माझा हात उठला तिच्यावर."

"बघितलं मी."

"कारन सांगन्यासारखं न्हाई. पर मारायला नको हुतं. रातभर झोप न्हाई मला." त्यांनी पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मला त्वांड न्हाई तिच्याशी बोलायला. तू सांग तिला. म्हनावं, आता न्हाई हात उचलनार."

असं ते याआधीही दोनदा माझ्याजवळ बोलले होते. मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर त्यांच्या त्या बोलण्यानं मी आतून हललो, आणि हललो म्हणून मला स्वतःचाच राग आला. दोन गोड शब्द ऐकले की आपण विरघळतो आणि आक्का तिथंच राहते, असं मी मनाला बजावलं. पाय भराभर उचलू लागलो.

कड्यावर वारा नव्हता. उतरायला असा दिवस चांगला, धूर जागेवर राहतो आणि माशा थंडीनं गारठलेल्या असतात. पोतं उघडून दाजींनी दोर माझ्यापुढे टाकला. तो तपासणं मेहुण्याचं काम. मी दरसाल उकिडवा बसून वीत-वीत दोर दोन्ही अंगठ्यांखाली दाबत पुढे सरकवत असे, चांगला तासभर लागत असे त्याला. त्या दिवशी मी दोर हातातून नुसता सोडत गेलो. वरून तो कोरडा होता, पीळ जागच्या जागी होते. माझं मन दोरात नव्हतं, देवजीबाबा आता विचारतील त्यात होतं.

त्यांनी नारळ फोडला, पाणी कड्यावर शिंपडलं आणि बसल्या जागेवरून विचारलं,

"रातच्याला कुनी उडालं का?"

बरकू नाही म्हणाला. पुतण्या नाही म्हणाला. दाजी म्हणाले, मला झोपच नव्हती, उडणार कुठून. मग देवजीबाबा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे मोतीबिंदूनं पांढुरके झाले होते, पण ते माणसाकडे असं बघत की दिसत नसेल यावर विश्वास बसू नये.

"पाव्हनं, तुमी?"

"न्हाई."

"आन तुमची भन?"

माझ्या मनात त्या क्षणी काय होतं ते मी पुढे हजार वेळा आठवलं आहे, त्यामुळे त्याबद्दल चूक व्हायची नाही. मी असा विचार केला: स्वप्नबिप्न सगळं थोतांड आहे, मी शिकलेला माणूस आहे. ते थोतांड असेल तर दाजी दुपारी मध घेऊन घरी जातील आणि मी कुणाचं काही वाईट केलेलं नसेल. आणि खरं असेल तर आक्का सुटेल. दोन्हीकडून मी मोकळा. शाळा शिकून एवढी अक्कल मला आली होती.

"गाढ झोपली हुती म्हनाली," मी सांगितलं.

"मग सोडा दोर," देवजीबाबा म्हणाले.

दाजींनी कमरेला गाठ मारली, ती मी पाहिली, ओढून पाहिली. कड्याच्या काठावर जिथं दोर घासतो तिथं पोत्याची जाड घडी ठेवली. मुंडासं काढून त्यांनी माझ्याजवळ दिलं आणि डोक्याला कांबळ्याचा तुकडा बांधला. एका झटक्याला दोर सोडायचा, दोन झटक्यांना थांबायचं, तीनला ओढायचं. हे मला पाठ होतं, तरी त्यांनी दरसालप्रमाणे पुन्हा सांगितलं. मग ते पाठमोरे होऊन काठावरून खाली गेले.

पहिलं मोहोळ व्यवस्थित निघालं. डबा वर आला, बरकूनं तो रिकामा करून परत सोडला. धूर काठावरून वर येऊन आमच्या डोळ्यांत जात होता. माशांचा आवाज वाढला आणि पुन्हा कमी झाला. मी बुंध्याला पाय लावून बसलो होतो, दोर दोन्ही हातांत होता, त्याच्यातून दाजींची हालचाल मला कळत होती. आता ते डावीकडे सरकले, आता पाय टेकला, आता वाकले. आणि बसल्या बसल्या मला एकदम वाटलं, काही होणार नाही. दाजी वर येतील, मी त्यांना सगळं सांगेन, ते शिव्या देतील आणि आम्ही घरी जाऊ. मला इतकं बरं वाटलं की मी देवजीबाबांकडे बघून हसलोसुद्धा.

एक झटका आला. मी दोर सोडला, हातभर, दोन हात. बुंध्यावरचा एक वेढा सुटून पुढे गेला आणि त्याच्या आतला, वर्षभर पोत्याच्या तळाशी राहिलेला भाग काठावर आला. मग माझ्या हातांतलं ओझं गेलं. आवाज असा काही झाला नाही. मी मागच्या मागे पडलो. दाजी ओरडलेही नाहीत, निदान आम्हाला ऐकू आलं नाही. खालून माशांचा मोठा लोट वर आला आणि आम्ही चौघे कांबळी पांघरून जमिनीला तोंड लावून पडून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही.

माशा निवल्यावर देवजीबाबांनी उरलेला दोर ओढून घेतला आणि तुटलेलं टोक चिमटीत धरून कुस्करलं. आतला वाख तपकिरी झाला होता, त्यांच्या बोटांत त्याचा भुगा आला.

"कुजलाय," ते म्हणाले. "तपासला न्हवता?"

"तपासला हुता," मी म्हणालो.

त्यांनी बोटं धोतराला पुसली. कड्याकडे तोंड करून बसले आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आन कुनी उडालं बी न्हवतं."

कड्याशेजारच्या नाळेनं, म्हणजे अरुंद घळीनं, खाली उतरून आम्ही दाजींना आणलं तोवर दुपार कलली होती. ते कसे सापडले ते मी लिहिणार नाही. आक्का अंगणात उभी होती. बायकांनी हंबरडा फोडला, तिनं नाही. तिनं चादर थोडी बाजूला करून पाहिलं, पुन्हा नीट केली आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली,

"आयकलं न्हाई ना त्यानं."

मला वाटलं, ती त्यांच्या एकंदर स्वभावाबद्दल बोलतेय. मी मान हलवली.

बारावं झाल्यावर मी तिला हिरडेवाडीला घेऊन आलो. या वेळी वडील काही बोलले नाहीत. दोन महिन्यांनी मला आश्रमशाळेत नोकरीचा हुकूम आला आणि मी आक्काला माझ्याबरोबर तालुक्याच्या गावी नेलं. माझं लग्न तिनं लावलं. माझी दोन्ही मुलं तिच्या मांडीवर वाढली. माझी बायको शेवंता सासूला नसती भ्याली इतकी तिला भ्यायची आणि तितकाच जीवही लावायची. आक्का पुढे अंगानं भरली, शेजारणींशी गप्पा मारू लागली. मी तिच्याकडे पाहायचो आणि मनात म्हणायचो, हे मी केलं. दाजींची आठवण यायची, त्यांचं मुंडासं मी कितीतरी वर्षं ट्रंकेत ठेवलं होतं, पण आक्काला हसताना पाहिलं की मनावरचं ओझं हलकं व्हायचं. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. मी ती गुपचूप पुण्याईच्या बाजूला टाकून मोकळा झालो होतो.

एकच गोष्ट होती. दर भाद्रपदात पितरांची पानं मांडताना मी म्हणायचो, आक्का, दाजींच्या नावाचं एक मांडू या. ती म्हणायची, "त्याचं त्यानं करून घेतलं. त्याला कशाला घास?" बावीस वर्षं ती हेच म्हणत आली. मला ते ऐकून बरंच वाटायचं. तिच्या मनात त्यांच्याबद्दल माया उरली नाही म्हणजे आपण लावलेला अर्थ बरोबर होता.

मग माझ्या शैलाला एक स्थळ आलं. मुलगा नोकरीला, घर खाऊनपिऊन सुखी, पण तो हात उचलतो असं त्याच्या गावच्या एका मास्तरानं मला सांगितलं. मी नकार कळवला. शेवंताला ते पटलं नाही, ती धुसफुसत पाण्याला गेली. आक्का जोत्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर येऊन बसलो. मी रागात होतो आणि थोडा स्वतःवर खूशही होतो. बोलून गेलो,

"लोकांना काय, आपली पोर कुठंही द्यावी. तुला सोडवायला मला काय करावं लागलं ते माझं मला ठाऊक."

"काय करावं लागलं?" आक्कानं सहज विचारलं.

आणि मी सांगितलं. बावीस वर्षं पोटात ठेवलेलं, थोडं अभिमानानंच सांगितलं. देवजीबाबांनी कसं विचारलं, मी काय म्हणालो, तिच्या हसण्यावरून मला कसं कळलं. ती सूप मांडीवर तसंच धरून ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला आधी वाटलं, तिला रडू येतंय.

"म्हंजी तू कड्यावर सांगितलंच न्हाईस?"

"न्हाई. तुझ्यासाठी."

"त्यांनी इचारलं, तरी?"

"तरी."

तिनं सुपातले खडे वेचून बाहेर टाकले. मग सूप खाली ठेवलं.

"मला सपान पडलंच न्हवतं, बुधा."

मी जोत्यावर सांडलेले तांदूळ वेचू लागलो.

"पाडव्याला घर सारवायचं म्हनून मी माळ्यावर चढले हुते. कौल फुटलेलं, त्याच्याखाली दोराचं पोतं. पावसाळाभर गळलं असनार. मी हात घातला आत. वरून धड हुता, आतला येढा दाबला तर बोट शिरलं. मी त्येंला सांगितलं. त्येंला पटलं न्हाई, दोराला शिवलीस म्हनून त्येंनी मला मारलं. लोकांना कळलं तर दोर टाकावा लागंल, हंगाम जाईल, म्हनाले कुनाला बोलू नको. मग मी काय करनार हुते? तुला खरं सांगितलं असतं तर तू त्येंच्या अंगावर गेला असतास. आन बाईचं दुसरं काय कुनी आयकतं का कड्यावर? सपान तेवढं आयकत्यात. म्हनून म्हनलं, सपान सांगू. बुधा वर सांगंल, पाच दीस दोर ऱ्हाईल. तोवर मी तो चुलीत घालीन."

जे तोंडात आलं ते मी विचारलं.

"मग हसलीस का?"

"खोटं बोलताना मला हसू फुटतं. आई दर बारीला त्याच्यावरनंच धरायची मला. तुला ठावं न्हवतं?"

मला ठाऊक होतं. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यावरून आम्ही तिला लहानपणी चिडवत होतो. त्या पहाटे मला ते आठवलं नाही, कारण आठवायचं नव्हतं. तिचं हसू मला दाजींच्या मरणासाठी हवं होतं. मीच त्यांचं मरण मागितलं होतं आणि ते तिच्या नावावर घातलं होतं. हे मला तिथं जोत्यावर बसल्या बसल्या कळलं, आणि तेव्हापासून एक दिवस विसरता आलेलं नाही.

आक्का उठली. उंबऱ्यापाशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "बावीस वरसं मी त्या मानसाला कोसत आले. सपान आयकून बी उतरला, आडमुठा, माझं आयकलं न्हाई म्हनून. घास दिला न्हाई मी त्याला. त्याला तर सपान कुनी सांगितलंच न्हवतं."

त्या भाद्रपदाच्या आधी ती नाळेवाडीला निघून गेली. मी अडवलं नाही, मला तो अधिकार राहिला नव्हता. शेवंता रडली, मुलं रडली, काय झालं ते त्यांना आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. दाजींचं घर पडलं होतं. त्यांच्या पुतण्यांनी पुढची एक खोली शाकारून दिली, तिथं ती राहते. भाद्रपदात ती दाजींचं पान मांडते असं ऐकतो. आता तिला सत्तरी उलटली आहे.

मी दरसाल चैत्रात तिच्याकडे जातो. एसटी आता पार नाळेवाडीपर्यंत जाते. ती मला ओळखते, मुलांची नावं घेऊन चौकशी करते, दारातच तांब्याभर पाणी देते. बस म्हणत नाही. मी उभ्यानंच पाणी पितो, तांब्या उंबऱ्यावर ठेवतो आणि परतीच्या गाडीला येऊन बसतो.